काकासाहेबांचे घड्याळ

आपल्याकडे चित्रपटावर लिहायचे म्हणजे त्याची गोष्ट सांगायची, नटनट्यांची कामे कशी झाली ते सांगायचे, गाण्यांना दोन शब्दांची दाद द्यायची आणि शेवटी 'समाजाला विचार करायला लावणारा चित्रपट' असा शिक्का मारून मोकळे व्हायचे, अशी जुनी चाल आहे. 'प्रभात'च्या 'कुंकू'च्या वाट्याला हा शिक्का इतक्या वेळा आलेला आहे, की त्याखालचा चित्रपट दिसेनासा झाला आहे. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते : "जरठकुमारी विवाहावरचा ना? शांता आपटेंचा?" उत्तर चूक नाही. पण हे म्हणजे ज्ञानेश्वरीची ओळख 'गीतेवरची एक टीका' अशी करून देण्यासारखे आहे. १९३७ साली पुण्यात काढलेला हा बोलपट मी आजवर तीनचार वेळा तरी पाहिला असेन. आणि प्रत्येक वेळी त्याची गोष्ट मला थोडी कमी महत्त्वाची वाटू लागली आणि त्यातले घर अधिक. लग्न हा जर दोन माणसांनी एका घरात राहण्याचा प्रकार असेल, तर दिग्दर्शक ते घर कसे दाखवतो यावरच त्या लग्नाविषयी त्याला काय म्हणायचे आहे ते ठरते. पात्रांच्या तोंडची वाक्ये पुष्कळदा वकिलाने लिहून दिल्यासारखी असतात. खरी साक्ष भिंती, दारे आणि आवाज देतात.

परंतु त्या घरात शिरण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

म्हातारा नवरा आणि कोवळी नवरी ही जोडी मराठी रसिकाच्या ओळखीची आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' रंगभूमीवर आले ते १८९९ साली. भुजंगनाथ, कांचनभट आणि शारदा यांनी पुढची कितीतरी वर्षे महाराष्ट्राला हसवले आणि रडवले. पण 'शारदा'त एक सोय आहे. लग्न लागता लागता मोडते. वधूवर सगोत्र असल्याचे निघते, शंकराचार्यांचा निर्णय येतो आणि शारदेला कोदंडाचा हात मिळतो. देवलांसारख्या सुधारकी वृत्तीच्या माणसालासुद्धा आपल्या नायिकेला सोडवायला धर्मशास्त्रातलेच एक कलम शोधावे लागले. गोत्र निराळे असते, तर? म्हणजे भुजंगनाथाची आणि शारदेची सप्तपदी पुरी झाली असती, वरात निघाली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी त्या घरात उठली असती, तर? नाटकाने हा प्रश्न विचारला नाही, आणि विचारला नाही म्हणून मी देवलांना दोष देणार नाही. त्या काळच्या रंगभूमीला मांडव दाखवता येत होता. मांडव उठल्यानंतरची माजघरातली शांतता दाखवायला तिच्याजवळ साधन नव्हते.

'कुंकू' सुरू होतो तो 'शारदा' जिथे थांबते त्याच्या पुढे. नीरा ही पोरकी मुलगी. तिच्या मामाने फसवून तिचे लग्न काकासाहेबांशी लावले आहे. काकासाहेब वकील, विधुर, समाजात मान असलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा आणि मुलगी नीरेच्याच वयाची. इथे गोत्र आड येत नाही आणि शंकराचार्य धावून येत नाहीत. लग्न लागून गेलेले आहे. नीरा एवढेच करते, की ते मान्य करीत नाही. दुःख सोसता येते, अन्याय सोसता येत नाही, अशी तिची भूमिका; ती नवऱ्याच्या घरात राहते, पण त्याची बायको होत नाही.

या भूमिकेचे धैर्य आज आपल्याला कळावे तसे कळत नाही, कारण मधल्या काळात कायदे बदलून गेले. १८८४ साली दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद गुदरली, ती ह्याचसाठी, की लहानपणी लग्न लागलेली बायको नांदायला येत नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितले, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. पुढे १८८८ साली तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि १९२९ साली शारदा अॅक्ट. या दुसऱ्या कायद्याच्या नावाची मला नेहमी गंमत वाटते. तो ओळखला जातो अजमेरच्या हरबिलास सारडांच्या आडनावाने. पण मराठी जिभेने त्याचा 'शारदा' केला आणि पुष्कळांना तो देवलांच्या शारदेचाच कायदा वाटला. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. नीरा चौदांच्या पुढची आहे. तेव्हा शारदा अॅक्ट तिच्या कामाचा नाही. घटस्फोट? बडोदे संस्थानात सयाजीरावांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला होता. पण मुंबई इलाख्यात तो यायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि सबंध देशात १९५५. म्हणजे १९३७ साली पुण्यामुंबईकडच्या हिंदू बायकोला नवऱ्यापासून सुटण्याचा कायदेशीर मार्ग जवळजवळ नव्हताच. एक मात्र होता. विधवेला पुनर्विवाह करण्याची मुभा १८५६ पासून होती. या विलक्षण परिस्थितीकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. कायद्याच्या दृष्टीने त्या मुलीच्या सुटकेचे एकच दार उघडे होते, आणि ते नवऱ्याच्या मरणातून जात होते.

'कुंकू'च्या शेवटावर टीका पुष्कळ होते. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, नीरेने दुसरे योग्य लग्न करावे असे सांगून ते जीव देतात; म्हणजे अखेर पुरुषाच्याच औदार्याने बाईची सुटका झाली, अशी ती टीका आहे, आणि ती खोटी नाही. फक्त टीकाकार एक विसरतात, की काकासाहेब वकील आहेत. त्यांना कायदा पाठ आहे. आपण जिवंत असेपर्यंत या मुलीला कोणतेही कोर्ट सोडवू शकत नाही, हे त्या घरात त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. नाटकी वाटणारा हा शेवट मला तरी त्या काळच्या कायद्याचे रोखठोक गणित वाटतो.

आता त्या घरात जाऊ.

'प्रभात'ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी ही तिची भागीदार मंडळी. त्याच १९३३ मध्ये 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी शांताराम जर्मनीला जाऊन आले. तिथल्या चित्रपटांतली ती सावल्यांची, तिरप्या रेषांची, वस्तूंना बोलायला लावणारी पद्धत त्यांच्या डोळ्यांत भरली असली पाहिजे. परत आल्यावर केलेल्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) चंद्रमोहनचा पडदाभर डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. 'अमृतमंथन'ची मूळ कादंबरी नारायण हरी आपट्यांची आणि 'कुंकू'चीही त्यांचीच : 'न पटणारी गोष्ट'. पण पहिलीत पुरातन काळ आणि बळी मागणारा राजगुरू होता. दुसरीत शहरातला एक वकील आणि त्याचा संसार. राजगुरूच्या डोळ्याला जे तंत्र शोभले, ते वकिलाच्या दिवाणखान्याला कसे शोभायचे?

शांतारामांनी काढलेला तोडगा मला अजून चकित करतो. त्यांनी पार्श्वसंगीत काढून टाकले. बोलपट येऊन उणीपुरी सहा वर्षे झालेली, संगीतावाचून मराठी माणसाचे पान हलत नाही असा काळ, आणि या माणसाने ठरवले, की पात्रांना ऐकू येतील तेवढेच आवाज प्रेक्षकाला ऐकू येतील. गाणी आहेत, पण रडण्याच्या प्रसंगी कुठूनतरी सारंगी सुरू होत नाही. याचा परिणाम काय झाला? घर ऐकू येऊ लागले. पावले, दार, भांडी, काठी. आणि या सगळ्यांच्या वर, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाची टिकटिक. ते घड्याळ आणि काकासाहेब एकच आहेत. दोघेही जुने, दोघांनाही किल्ली द्यावी लागते, दोघांचीही भीती एकच, की आपण थांबू. पार्श्वसंगीत असते तर ती टिकटिक त्यात बुडून गेली असती. संगीत नाही म्हणून ती रात्रभर त्या खोलीत वाजत राहते. नको असलेल्या माणसाबरोबर एका घरात रात्र काढणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही स्वगतापेक्षा त्या आवाजाने सांगितले.

हे धाडस एकट्या शांतारामांचे नव्हते, हेही म्हटले पाहिजे. संगीतकार केशवराव भोळे आणि काकासाहेबांचे काम करणारे केशवराव दाते हे दोघेही 'नाट्यमन्वंतर'च्या मांडवाखालून आलेले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने रंगभूमीवर खऱ्याखुऱ्या घराला, साध्या बोलण्याला आणि जपून वापरलेल्या संगीताला जागा करून दिली होती. त्या नाटकाचे मूळ नॉर्वेतले, ब्यर्नसनचे. आणि त्याचाही विषय लग्नाच्या बाजारातली स्त्रीपुरुषांची वेगवेगळी मापे हाच. रंगभूमीवर जे चार वर्षांपूर्वी घडले ते भोळ्यांनी आणि दात्यांनी पडद्यावर आणले. ज्या संगीतकाराला कुठे गप्प बसायचे ते कळते, त्याचा मोठेपणा रेकॉर्डवर ऐकू येत नाही. भोळ्यांच्या वाट्याला म्हणूनच या चित्रपटासाठी हवी तेवढी कीर्ती आली नाही असे मला वाटते.

दात्यांविषयी तर किती लिहावे! भुजंगनाथ हसण्याचा विषय होता. काकासाहेब हसण्याचा विषय नाहीत, आणि द्वेषाचा तर मुळीच नाहीत. आरशासमोर उभे राहून स्वतःची समजूत घालणारा हा गृहस्थ आहे. आरसा या चित्रपटात घड्याळाइतकाच महत्त्वाचा आहे; तो फुटतो आणि त्याच्या तुकड्यातुकड्यांतून काकासाहेबांचा चेहरा त्यांनाच वाकुल्या दाखवतो, तो प्रसंग जर्मनीतून आलेल्या तंत्राचा अस्सल वारसा आहे. पण जर्मन चित्रपटात असा आरसा वेड्याचा असतो. इथे तो एका अब्रूदार वकिलाचा आहे, आणि त्यामुळे अधिक अस्वस्थ करतो. माझ्या एका आत्याने हा चित्रपट पाहून आल्यावर म्हटले होते, "तो म्हातारा वाईट नव्हता रे. त्याला कुणी वेळेवर सांगितलं नाही, एवढंच." आत्याचे हे वाक्य मी पुष्कळ वर्षे बाळगून आहे. दात्यांच्या अभिनयाचे याहून चांगले परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही. आणि चित्रपटाचा धोकाही तिने त्यातच सांगून टाकला आहे. म्हाताऱ्याची कीव येऊ लागली, की मुलीवरचा अन्याय प्रेक्षकाच्या मनात आपोआप थोडा लहान होतो.

हा धोका शांतारामांच्या लक्षात आला असला पाहिजे, कारण त्यांनी नीरेला एक क्षणही दयेचा विषय होऊ दिलेले नाही. शांता आपट्यांनी रडवेली नायिका उभी केली नाही, संतापलेली केली. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते, ते दृश्य पाहताना आजही थिएटरात टाळी पडते. लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ' ही इंग्रजी कविता ती चक्क इंग्रजीतच गाते. गोष्टीच्या दृष्टीने त्याची काही गरज नाही, आणि मला ते जोडकामही थोडे ओढूनताणून केलेले वाटते. पण १९३७ साली घरातली सून इंग्रजीत गाते आहे, हा आवाजच त्या माजघराला नवा होता. दोनच वर्षांनी, १९३९ साली, याच शांता आपटे 'प्रभात'शी असलेल्या करारावरून स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. पडद्यावरची नीरा कुठून आली असेल, याचे उत्तर त्या फाटकापाशी मिळते.

नीरेच्या बाजूने त्या घरात उभी राहते ती काकासाहेबांचीच मुलगी, समाजसेविका. हे काम शकुंतला परांजपे यांनी केले. रँग्लर परांजप्यांची ही कन्या केंब्रिजमध्ये शिकलेली आणि पुण्यात संततिनियमनाचे काम करणारी. तेही अशा काळात, की त्या विषयाचे नाव काढले तरी माणसे उठून जात. नटी म्हणून त्या थोर होत्या असे नाही. त्या बोलू लागल्या की व्यासपीठाचा वास येतो. पण ज्या बाईने प्रत्यक्षात ते काम केले तिलाच त्या भूमिकेत उभे करणे, हाही दिग्दर्शकाच्या शैलीचाच एक भाग म्हटला पाहिजे. १९३७च्या प्रेक्षकाला ती नुसती कल्पित पात्र वाटणे शक्य नव्हते.

शांतारामांचा एक दोष मात्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांना सूचकता फार वेळ पचत नाही. घड्याळ म्हणजे काकासाहेब, हे प्रेक्षकाला कळल्यानंतरही ते पुन्हा एकदा घड्याळाकडे बोट दाखवतात, आणि मग तिसऱ्यांदा. पुढच्या काळात हा दोष वाढत गेला. १९५९च्या 'नवरंग'चा विषय खरे तर फार सुंदर आहे : कवी आपल्याच बायकोच्या रूपात एक काल्पनिक मोहिनी पाहतो आणि घरातली खरी बायको त्या काल्पनिक सवतीच्या मत्सराने जळते. केवढे लग्न दडले आहे त्यात! पण तोवर रंग, नाच आणि कारंजी यांनी घर भरून गेले होते. नवराबायकोला एकमेकांशी बोलायला जागा उरली नाही.

'कुंकू'च्या आदल्याच वर्षी 'प्रभात'च्याच आवारात दुसरे एक लग्न पडद्यावर आले होते, आणि त्याला कोणी लग्नाचा चित्रपट म्हणत नाही. दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६). मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, तो काय नुसत्या भक्तीवर? माझा तर्क असा, की निम्मी गर्दी जिजाईसाठी होती. गौरीने उभी केलेली ती जिजाई म्हशीशी बोलते, पोरांवर ओरडते, नवऱ्याच्या भोळेपणावर कपाळ बडवून घेते आणि पोर आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. छायालेखक अवधूत दोन्ही चित्रपटांचे. पण 'कुंकू'त जो कॅमेरा आरशात, सावलीत, कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, तोच इथे ओट्यावर मांडी घालून बसल्यासारखा स्वस्थ आहे. दामले-फत्तेलाल यांनी नवराबायकोंना एका चौकटीत राहू दिले. तो आकाशाकडे पाहतो आहे, ती चुलीकडे. आणि दोघेही खरे आहेत. कॅमेऱ्याने बाजू घेतली नाही म्हणून प्रेक्षकालाही घ्यावी लागली नाही. तुकाराम वैकुंठाला निघतो तेव्हा जिजाई संसारातच राहते. त्या लग्नात मतभेद आकाशाएवढा आहे, अन्याय नाही. म्हणून घड्याळ लागत नाही, आरसा फुटावा लागत नाही. एकाच स्टुडिओत, एका वर्षाच्या अंतराने, दोन लग्ने आणि दोन शैली. कोणती थोर, असे मला कोणी विचारले तर मी 'तुकाराम' म्हणेन. पण नीरेची गोष्ट दामले-फत्तेलालांच्या स्वस्थ कॅमेऱ्याने सांगितली असती तर तो स्वस्थपणाच अपराध ठरला असता.

स्वस्थ कॅमेऱ्याचा विषय निघाला की जपानच्या ओझूंची आठवण अटळ आहे. त्यांचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो. आपल्या पाटावर बसण्याच्या चालीला ही उंची परकी नाही. १९४९च्या त्यांच्या 'बान्शुन'मध्ये, म्हणजे उशिरा आलेल्या वसंतात, विधुर बाप लग्नाच्या वयाच्या मुलीसाठी खोटेच सांगतो, की मी पुन्हा लग्न करणार आहे. तेवढ्यासाठी तरी ती घर सोडून सासरी जाईल. सबंध चित्रपट तिच्या लग्नाविषयी आहे, आणि त्यात लग्न दाखवलेले नाही. नवरदेवाचे तोंडदेखील आपण पाहत नाही. नटलेली नवरी घरातून निघते. नंतर बाप रिकाम्या घरी परततो, सफरचंद सोलायला बसतो आणि सोलता सोलता त्याचा हात थांबतो, मान खाली जाते. बस्स. आपल्याकडच्या लग्नाच्या चित्रपटांत मांडव, वाजंत्री, आंतरपाट आणि पाठवणी यांत जे अर्धा तास खर्ची पडते, ते या माणसाने गाळून टाकले. मुलीने हे लग्न मनापासून केले की नाही, हा प्रश्न त्या गाळलेल्या जागेत कायमचा बसून राहिला आहे.

आणि सत्यजित राय यांची 'चारुलता' (१९६४). रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'वरून केलेली ही गोष्ट १८७९च्या कलकत्त्यातली. इब्सेनची नोरा दार लोटून घराबाहेर पडली तेही त्याच साली, हा निव्वळ योगायोग. चारूला बाहेर पडायला दार नाही, खिडक्या आहेत. सुरुवातीची काही मिनिटे जवळजवळ मुकी आहेत : रुमालावर नवऱ्याच्या नावाचे अक्षर विणणारी, कंटाळलेली चारू हातात नाटक पाहायची दुर्बीण घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जाते आणि रस्त्यावरची माणसे पाहते. मग नवरा व्हरांड्यातून जातो. त्याचे डोके पुस्तकात; ती शेजारी उभी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ती दुर्बीण त्याच्यावर लावते. घरातल्या नवऱ्याला पाहायला दुर्बीण! भूपती काही काकासाहेब नव्हे. तो तरुण आहे, सज्जन आहे, वर्तमानपत्र चालवतो, देशाची काळजी वाहतो, बायकोवर प्रेम करतो. त्याच्यावर कोणतेही कलम लागू होत नाही, आणि म्हणूनच रायांना शांतारामांच्या घड्याळापेक्षा हलके साधन लागले. शेवटी सगळे उमगल्यावर ती दारात येऊन हात पुढे करते, तोही करतो, आणि दोन हात एकमेकांना लागण्यापूर्वी चित्र थिजते. रायांनी ते हात मिळवलेही नाहीत, तोडलेही नाहीत. मी हा शेवट पाहून बाहेर पडलो तेव्हा बरोबरच्या मित्राशी माझे कडाक्याचे भांडण झाले होते. तो म्हणत होता, मिळाले. मी म्हणत होतो, नाही.

मराठीत या वाटेवरचा पुढचा मोठा टप्पा १९८२ साली आला : जब्बार पटेल यांचा 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि स्मिता पाटील यांनी सुलभा महाजन उभी केली. हा चित्रपट हिंदीत 'सुबह' नावाने आला, जसा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' नावाने आला होता. दोन्ही वेळा मराठी नाव घरातल्या वस्तूचे आहे, हाताने चाचपता येईल असे. आणि हिंदीत जाताना ती वस्तू सुटून एक मोठा शब्द आला आहे. मला मराठी नावे अधिक खरी वाटतात. कपाळावरचे कुंकू आणि दारातला उंबरा, या दोन गोष्टींनीच आपल्या बायकांचे आयुष्य मोजले गेले. दुनिया मानते की नाही, हा पुढचा प्रश्न.

आणखी एक साम्य आहे. सुलभेचा नवराही वकीलच आहे. गिरीश कार्नाडांनी केलेला हा सुभाष महाजन काकासाहेबांपेक्षा चाळीसेक वर्षे पुढचा, तरुण, समंजस, सुखवस्तू घरातला. सुलभा दूरच्या गावी स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. मुलगी जावेच्या अंगावर वाढते. तिथल्या कारभाराशी झगडून, हरून सुलभा घरी परतते, तेव्हा घर पूर्वीसारखेच नीटनेटके असते. फक्त त्यात तिची जागा भरून निघालेली असते. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत, आणि हे तो तिला आरडाओरडा न करता सांगतो. पटेलांनी या प्रसंगात ना आरसा फोडला, ना सावल्या लांबवल्या. उजेड सगळीकडे सारखा आहे. ज्या घरात सगळे समजूतदार आहेत तिथे अन्याय कसा बोलतो, हे दाखवायला शांतारामांची शैली उपयोगी पडली नसती, हे त्यांनी ओळखले होते.

१९८२ साली कायदाही बदललेला होता. घटस्फोट होता, १९७६च्या दुरुस्तीनंतर परस्परसंमतीचाही होता. सुलभेला सोडवायला कोणी मरायला नको होते. ती कोर्टातही जात नाही. बॅग भरते आणि स्टेशनवर जाते, आणि चित्रपट तिला गाडीच्या डब्यात, खिडकीशी बसलेली, सोडून देतो. गाडी कुठे चालली आहे, ते पटेल सांगत नाहीत.